पाल्याचं जेवण

कावळे नव्हते असं नाही. कन्हानच्या पलीकडच्या काठावर कहूची, म्हणजे अर्जुनाची, जुनी झाडं आहेत, त्यांवर दहाबारा कावळे सकाळपासून बसलेले होते. अलीकडे यायला मात्र एकही तयार नव्हता.

रामाकोन्याजवळ नदीच्या वाळूत रघुनाथरावांचा दहावा चालला होता. त्यांचा एकुलता मुलगा मुकुंद मुंडण करून, ओल्या धोतरात उभा होता. त्याच्यापुढे पळसाची पत्रावळ, पत्रावळीवर भाताचे पिंड. महाराजांनी मंत्र आटोपले, तांब्या बाजूला ठेवला आणि पलीकडच्या झाडांकडे पाहत बसले. सौंसरहून आलेली भाऊबंद मंडळी कावळ्याला जागा द्यायची म्हणून मागे सरकली. ऊन वाढलं. वाळू तापली. कावळा आला नाही.

बायका जरा उंचावर, चिंचेच्या सावलीत बसल्या होत्या. मध्ये रघुनाथरावांच्या पत्नी देवकाबाई. त्यांच्या मागे, थोडं अंतर ठेवून, सून तृप्ती. आणि देवकाबाईंच्या उजव्या हाताला मोहगावच्या अनसूयाबाई. या रघुनाथरावांच्या थोरल्या बहीण. वय ऐंशीच्या पुढे, पाठ वाकलेली, पण आवाज अजून शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर जाणारा.

"मुकुंदा, काही कबूल कर बापाले," त्या वरूनच ओरडल्या.

मुकुंदनं हात जोडले. "बाबा, आईले कधी अंतर देणार नाही."

कावळे हलले नाहीत.

"बाबा, संत्र्याचा बगीचा विकणार नाही."

एक कावळा उडाला. सगळ्यांच्या माना वर गेल्या. तो नदीवरून एक फेरी मारून पुन्हा आपल्याच फांदीवर जाऊन बसला.

"बगीच्यात नाही अडकला त्याचा जीव," अनसूयाबाई म्हणाल्या. आता त्या ओरडल्या नाहीत, आणि म्हणूनच सगळ्यांना ऐकू गेलं. "पोटात अडकला हाये. वर्षभर माह्या भावाले पाला चारला. ढोरावानी. भाकरीचा तुकडा नाही, वरणाचा घोट नाही. ज्याले अन्न नाही देल्लं, त्याले आता भाताचा गोळा दाखवता? कसा येईन तो?"

तृप्तीनं मान खाली घातली. आजूबाजूच्या बायकांनी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच पाहायचं थांबवलं. देवकाबाईंना ठाऊक होतं, आज कावळा शिवला नाही तर ही गोष्ट इथे वाळूत राहणार नाही. सासऱ्याला उपाशी मारणारी सून म्हणून तृप्तीचं नाव सौंसर, मोहगाव, पांढुर्णा असं फिरत राहील. लग्नात, हळदीकुंकवाला, तेरवीला, जिथे चार बायका बसतील तिथे. आणि मुकुंद? तो आत्याच्या शब्दापुढे कधी गेलेला नव्हता.

पाला हा शब्द अनसूयाबाईंच्या कानानं घडवला होता. खरा शब्द वेगळा होता.

मागल्या साली रघुनाथरावांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. साखरेचा आजार जुनाच. जखम भरेना, काळी पडू लागली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, असंच राहिलं तर पंजा काढावा लागेल. घरी परतताना गाडीत रघुनाथराव एकच वाक्य बोलले, "बगीच्यात मले माह्या पायानं जायचं हाये." मग तृप्तीनंच धावपळ केली. नागपूरच्या एका आहारवाल्या मॅडमकडे त्यांना नेलं. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच होत्या, पण मॅडमनी जेवण मुळापासून बदललं. गहू नाही, ज्वारी नाही, तांदूळ नाही. डाळ नाही, दूध नाही, साखर-गूळ नाही. शेंगदाणेसुद्धा नाहीत, कारण ते म्हणे डाळीच्याच जातीचे. या खाण्याला नाव होतं पॅलिओ.

देवकाबाईंचे चुलतदीर भैय्याजी घरी आले, ओसरीवर बसले, आणि म्हणाले, "पोलिओ? या वयात? लहानपणी डोस नव्हता का घेतला दादा?"

"पोलिओ नाही बे, पॅलिओ," रघुनाथराव हसत म्हणाले. "जुन्या काळी गुहेतले आपले आजे-पणजे खात होते, ते."

"माहे आजे-पणजे तर सौंसरातच होते. ज्वारी खात होते अन् शंभर वर्ष जगत होते."

"मंग तू काऊन आतापासून गुडघे धरून बसते?"

हसणं झालं. पण हाच शब्द मोहगावला पोचला तेव्हा त्याचा पालिओ झाला, आणि अनसूयाबाईंनी तो तोंडात घोळवून त्याचा पाला केला. भाऊ भेटायला गेला की त्या विचारायच्या, "आज कोणता पाला खाऊन आला रे?"

आणि पाहिलं तर त्यात पाला होताही. अंबाडीची भाजी, पण तिच्यात ज्वारीच्या कण्या नाहीत. विस्तवावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, कांद्याची पात घालून, पण जोडीला भाकर नाही. तृप्ती फुलकोबी किसायची, वाफवायची आणि भाताच्या जागी वाढायची. दुधीच्या लांब फिती काढून त्यांना फोडणी द्यायची. भोपळ्याच्या बिया धुऊन, वाळवून, मीठ लावून भाजायची. मधल्या वेळेला खायला जवस, तीळ आणि खोबरं कुटून त्याचे चौकोनी तुकडे भाजायची. ते स्टीलच्या डब्यात राहायचे. रघुनाथराव बाहेर निघाले की त्यातले दोन सदऱ्याच्या खिशात टाकायचे.

देवकाबाईंना हे सगळं जड गेलं होतं, खोटं कशाला बोलायचं. लग्न होऊन त्या छोट्या लाइनच्या गाडीनं सौंसरला उतरल्या तेव्हा सोळाच्या होत्या. ती गाडी आता राहिली नाही, तिचे रूळही उखडले. पण सासूनं पहिल्या रात्री जे विचारलं ते त्यांच्या कानात अजून आहे: "भाकर थापता येते का तुले?" येत होती. हातावर फिरवलेली, कडेला न चिरणारी, चुलीत टम्म फुगणारी. पन्नासाहून जास्त वर्षं रघुनाथराव त्यांच्या हातची भाकर खात होते. खाऊन झालं की ते म्हणायचे, "चांगलं झालं." एकदा मोहगावचे पाहुणे होते आणि वरणात मीठच पडलं नव्हतं. सगळ्यांनी ताटात मीठ मागून घेतलं. रघुनाथरावांनी मागितलं नाही. उठताना म्हणाले, "चांगलं झालं."

अशा माणसाला आता भाकर चालत नव्हती, आणि देवकाबाईंच्या हातांना काम उरलं नव्हतं. स्वतःच्या बगीच्यातलं संत्रं ते सोलायचे, वास घ्यायचे आणि अर्धी फोड तोंडात टाकून उरलेलं देवकाबाईंच्या हातात द्यायचे. देवकाबाईंनी ते कधी खाल्लं नाही. सुनेनं केलेले ते चौकोनी तुकडेही कधी चाखले नाहीत. मानी स्वभाव.

पण जखम भरली. खपली धरली, पडली, खालून गुलाबी कातडी आली. पंजा राहिला. रघुनाथराव काठी न घेता बगीच्यात जाऊ लागले. फक्त अंग वाळत गेलं. पट्ट्याला नवीन भोकं पाडावी लागली, गालांत खड्डे पडले. आपल्याकडे माणूस वाळला की लोक जखम पाहत नाहीत, हाडं पाहतात. बाजारात विचारायचे, "गुरुजी, घरी जेवाले भेटत नाही का?" ते शाळेत शिक्षक होते, आणि अर्ध्या सौंसरनं त्यांच्या हातचा मार खाल्लेला.

मग एका सकाळी खुर्चीत बसल्याबसल्या त्यांचं हृदय थांबलं. हातात चहाचा नाही, गरम पाण्याचा पेला होता.

हे सगळं लोकांना माहीत होतं. एक गोष्ट माहीत नव्हती.

मुकुंद चार वर्षांचा असताना त्याच्या मेंदूत ताप चढला होता. छिंदवाड्याच्या डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा रघुनाथराव जामसांवलीला गेले आणि झोपलेल्या हनुमानापुढे बसून बोलले, पोरगा उठला तर मटण, मासळी, अंडं काही तोंडात घालणार नाही. पोरगा उठला. त्या दिवसापासून घरात ते भांडं चढलं नाही. देवकाबाईंनीही सोडलं, कोणी सांगितलं नव्हतं तरी.

हा नवस सगळ्यांना ठाऊक होता; ठाऊक नव्हतं ते हे, की नागपूरच्या मॅडमच्या जेवणात अंडी होती. अंड्यांशिवाय पोट भरणार नाही, त्या म्हणाल्या होत्या. रघुनाथरावांनी बरेच दिवस ते टाळलं. मग एक दिवस मागच्या पडवीत विजेची शेगडी आली. मुकुंदचं पांढुर्ण्याला कृषी केंद्र. तो सकाळीच निघून जायचा. तो गेला की पडवीचं दार लागायचं.

देवकाबाईंना कळलं ते कावळ्यामुळे. तृप्ती अंड्यांची टरफलं चुरून गुलाबाच्या कुंडीत पुरायची. एका सकाळी कावळ्यानं कुंडी उकरली आणि पांढरं टरफल तुळशीपुढे आणून टाकलं. देवकाबाई पूजेचं पाणी घेऊन आल्या होत्या. त्यांनी ते टरफल पाहिलं. वाकून उचललं, कुंडीत खोल पुरलं, अंगणावर पाणी ओतलं आणि कोणाला काही बोलल्या नाहीत. नंतर एकदा पडवीच्या दाराच्या फटीतून त्यांनी नवऱ्याची पाठ पाहिली. ते पाटावर बसून जेवत होते. ताट पुसून घेतल्यासारखं रिकामं झालं, आणि आवाज आला, "चांगलं झालं, बेटा."

त्या हळूच मागे फिरल्या होत्या.

आता चिंचेखाली त्यांच्या कानात अनसूयाबाईंचा आवाज चालूच होता. त्यांनी मोहगावहून गाठोडं बांधून आणलं होतं. ज्वारीची भाकर, झुणका, मिरचीचा ठेचा, पुरणपोळी. "ठेव रे मुकुंदा पत्रावळीवर. खाऊ दे त्याले एकदाचं पोटभर." मुकुंदनं ते सगळं पिंडांभोवती मांडलं. लोक पुन्हा मागे सरकले. पलीकडे कावळे चोची पुसत बसले होते.

"पाहून राहिली का देवका?" अनसूयाबाई म्हणाल्या. "भाकरीलेही येत नाही. रुसला हाये तो. तुह्या सुनेचं तोंड पाहून येत नाही. तिले उठव इथून. जाऊ दे गाडीत बसाले."

तृप्ती उठायला लागली.

"बस खाली," देवकाबाई म्हणाल्या.

मग त्या नणंदेकडे वळल्या. "बाई, हे उपाशी नव्हते. पोटभर खात होते. रोज सकाळी दोन अंडे खात होते, ताट पुसून. म्या माह्या डोळ्यानं पाहिलं."

त्यांना वाटलं होतं, आता तोंडं बंद होतील. उपाशी मारलं हा डाग निघेल. झालंही तसंच, पण श्वास घेण्यापुरतं.

"अंडे?" अनसूयाबाई म्हणाल्या. त्यांनी हा शब्द इतका हळू उच्चारला की देवकाबाईंना आपली चूक तिथेच कळली. "मारोतीपुढं सोडलेले अंडे?"

मागच्या बायका पुढे सरकल्या.

"म्हणून गेला," अनसूयाबाईंचा आवाज चढला. "म्हणून गेला माहा भाऊ! पोराच्या जिवासाठी सोडलेलं त्याच्या तोंडात कोंबलं! देव सोडन का? अन् हा कावळा, हा कसा शिवन?"

मुकुंद वाळूतून वर आला होता. ओलं धोतर पायाला चिकटलेलं, मुंडण केलेलं डोकं उन्हानं लाल. तो लहानपणी तापातून उठला होता तेव्हा असाच दिसत होता, देवकाबाईंना उगाच आठवलं.

"कोणं देल्ले अंडे?" त्यानं विचारलं.

सगळ्यांनी तृप्तीकडे पाहिलं. दुसरं पाहणार कोणाकडे? तृप्तीनं पदराचं टोक ओठांत धरलं.

"म्या," देवकाबाई म्हणाल्या.

"तू?"

"म्या देत होती. सकाळी. तू गेल्यावर."

भैय्याजी मागून म्हणाले, "वैनी, कायले बोलून राहिल्या? अंड्याच्या ठेल्याजवळून जाता तर पदर लावता नाकाले."

"तरी देत होती."

देवकाबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. पण त्या थांबल्या. तृप्ती आता उठेल, म्हणेल, नाही, आई खोटं बोलून राहिल्या. आणि आपण तिला दटावून गप्प बसवू. दटावायचे शब्दही त्यांनी तयार ठेवले होते. मागून बांगडीचा आवाजही आला नाही.

मुकुंद आईकडे पाहत राहिला. मग वळून वाळूत उतरला.

महाराजांनी आणखी थोडी वाट पाहिली आणि सांगितलं, दर्भाचा कावळा करू. त्यांनी दर्भ वळून गाठ मारली, मुकुंदच्या हातात दिला, मुकुंदनं तो पिंडांना लावला. झालं. लोक चपला शोधू लागले. एरवी दोन बायकांनी धरून देवकाबाईंना उठवलं असतं. आज कोणी हात दिला नाही. शेवटी तृप्तीनं दिला.

घरी मुकुंद आईशी एकदाच बोलला. माजघराच्या दारात उभा राहून. "माह्यासाठी सोडलं होतं बाबानं. तुले माहीत होतं."

"हाव."

तो आणखी कशाची तरी वाट पाहत थांबला. एखादं कारण, एखादं रडणं. देवकाबाईंकडे देण्यासारखं काही नव्हतं. खरं दिलं असतं तर त्याची बायको घरातून गेली असती. मग त्यानं ताट उचललं आणि ओसरीवर जाऊन जेवला. त्या दिवसापासून तो ओसरीवरच जेवतो.

तेरवीला बुंदी झाली, पुऱ्या झाल्या, वरण-भात झाला. अनसूयाबाईंनी देवकाबाईंच्या हातचं पाणी घेतलं नाही. जाताना त्यांनी तृप्तीच्या डोक्यावरून हात फिरवला. "बापा, म्या तुले काय काय बोलली," त्या म्हणाल्या. "मनात नको ठेवू पोरी. सासूच अशी निघाली, तर तू काय करशील?" तृप्ती पाया पडली.

त्यानंतरच्या शनिवारी मुकुंद जामसांवलीला जाऊन आला. आल्यावर बायकोला म्हणाला, "ते सारे डब्बे फेकून दे. शेगडी कोणाले देऊन टाक. घरात आता साधं जेवण."

दुपारी तृप्ती पडवीत डबे रिकामे करायला बसली. जवस, तीळ, भोपळ्याच्या बिया, खोबऱ्याचा कीस. देवकाबाई दाराशी येऊन बसल्या. त्यांच्या मांडीवर रघुनाथरावांचा सदरा होता. धुवायला टाकायचा म्हणून खुंटीवरून काढला, तर खिशात कडक काही लागलं. एक चौकोनी तुकडा.

"आई," तृप्ती म्हणाली. तिनं हातातला डबा खाली ठेवला. "मी सांगते तुमच्या लेकाले. आजच सांगते."

"काय सांगशील?"

"खरं."

"मंग?"

मंगचं उत्तर दोघींनाही माहीत होतं. रस्त्यावरून कोणीतरी भंगार मागत गेलं. "मले भेव लागलं होतं, आई," ती म्हणाली. "घाटावर. आवाजच नाही फुटला."

"माहीत हाये."

"तुम्ही काऊन केलं असं?"

"तुले अजून जगायचं हाये त्या लोकायत." देवकाबाईंनी तुकडा तळहातावर घेतला. कडेला तीळ सुटले होते, मधे बोट लागून लागून तो गुळगुळीत झाला होता. "एक सांग मले. यायले आवडत होतं का हे? खरंच?"

तृप्ती विचार करू लागली. देवकाबाईंना वाटलं, लवकर बोल.

"खात तर होते सारं," ती म्हणाली. "कधी नाही म्हटलं नाही."

"अन् काय म्हणत होते?"

"'चांगलं झालं, बेटा.' खाऊन झालं की म्हणत होते."

"अजून?"

"अजून काही नाही. रोज इतकंच."

बाजारातला तो प्रश्न देवकाबाईंना आठवला, गुरुजी, घरी जेवाले भेटत नाही का. त्यावर ते हसत आणि पुढे जात. उत्तर दिल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"याच्यात अंडं हाये का?" त्यांनी तुकडा दाखवून विचारलं.

"अंड्यातलं पांढरं. तुकडा जुळून यावा म्हणून. तुम्ही नका खाऊ आई, तुम्ही बी सोडलं हाये."

देवकाबाईंनी तुकडा तोंडात टाकला. दात मोजकेच उरलेले, त्यामुळे तो बराच वेळ गालातच राहिला. मग हळूहळू भिजला. कोरडा, खोबऱ्याचा वास जुना झालेला, मीठ नावाला. भुसकट चावल्यासारखं लागत होतं. घास खाली उतरायला तृप्तीनं दिलेलं पेलाभर पाणी लागलं. असे तुकडे खिशात टाकून ते बगीच्यात जायचे. चारी बाजूंनी संत्र्यांनी लगडलेली झाडं, आणि मधे उभं राहून हे चावायचे.

"कसं लागलं?" तृप्तीनं घाबरत विचारलं.

देवकाबाईंनी पेला खाली ठेवला. सदऱ्याचा खिसा उलटा करून उरलेले तीळ झटकले.

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या.